डाव्या बाजूची आरी

कारखान्यात त्यांना सगळे हँडलकाका म्हणत, त्यांच्याहून वयानं मोठा असलेला फाटकावरचा पहारेकरीसुद्धा. कारखाना प्रवासी बॅगांचा होता. बॅगेचं अंग यंत्रावर तयार व्हायचं, कुलपं बाहेरून येऊन कुलूपखात्यात बसवली जायची, पण हँडल हातानंच शिवावं लागे. भरलेल्या बॅगेचं सगळं ओझं शेवटी त्या वीतभर चामड्यावर येतं. काकांनी शिवलेलं हँडल तुटून परत आल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. तशी त्यांची कुणी तारीफही केली नव्हती. तुटलं तरच हँडल लोकांच्या लक्षात येतं, हे काकांना केव्हाच पटलं होतं.

स्वभाव इतका भिडस्त, की कँटीनवाल्यानं एकदा चुकून त्यांच्यापुढे बिनसाखरेचा चहा ठेवला आणि तो त्यांनी निमूट प्यायला. दुसऱ्या दिवशी कँटीनवाला प्रेमानं म्हणाला, "घ्या काका, तुमचा बिनसाखरेचा." तेव्हापासून ते बिनसाखरेचाच पीत आले. बायकोला हे कळलं तेव्हा ती हसून हसून भिंतीला टेकली होती. घरमालकाशी भांडणं, डॉक्टरला शंका विचारणं, दुकानदाराला फाटकी नोट परत करणं, हे सगळं तिच्याकडे असे. ती गेली आणि काकांच्या वाटणीचं बोलणारं माणूसच गेलं. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात राहायची. रविवारी तिचा फोन आला की ती बोलायची आणि काका "हं, हं" करायचे.

मंदी आली ती आधी बातम्यांत आणि मग गोदामात. लोकांच्या नोकऱ्या जाऊ लागल्या आणि फिरायला जायचं कुणाच्या डोक्यात राहिलं नाही. नवी बॅग घ्यायची कशाला? गोदामात बॅगा छताला टेकल्या. आता निम्म्यांना नारळ मिळणार, अशी कुजबुज सुरू झाली. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे, हा जाईल की मी जाईन, अशा नजरेनं बघू लागला.

तेवढ्यात सरकारची योजना आली. कुणाला काढायचं नाही. एका जागेवर दोघांनी काम करायचं, एक आठवडा एकानं, पुढचा दुसऱ्यानं. निम्मा पगार कारखाना देणार आणि गेलेल्या निम्म्यातला काही वाटा सरकार भरून देणार. रिकाम्या आठवड्यात मात्र रोजगार कार्यालयाच्या शिकवणीला जायचं, आणि त्या आठवड्यात कारखान्याच्या फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. तपासणीला कोणी आलं आणि एका जागेवर दोन माणसं दिसली, तर पैसे बंद.

"म्हणजे आपण आता अर्धे," रंगखात्यातला रंगारी कँटीनमध्ये म्हणाला. "काल घरी गेलो तर बायको विचारते, आज वरचा अर्धा आलाय का खालचा?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, जेवणारा अर्धा आलाय. तू वाढ."

काकाही हसले. घरी असा प्रश्न विचारायला कुणी नव्हतं, हे हसून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

मुकादमाचीसुद्धा नोकरी अर्धी झाली होती. काकांच्या आठवड्याला एक मुकादम, दुसऱ्या आठवड्याला दुसरा. काकांच्या बाकावर उलट्या आठवड्यात कोण बसतं, हे या आठवड्यातल्या कुणाला धड ठाऊक नव्हतं. कुठल्या तरी बंद पडलेल्या खात्यातून आणलंय, एवढंच. पहारेकऱ्याला विचारता आलं असतं. तो बिचारा दोन्ही आठवडे असे. पण विचारायचं म्हणजे थांबायचं, राम राम करायचा, विषय काढायचा. काका मान खाली घालून आत जात आणि मान खाली घालून बाहेर येत.

पहिल्या शनिवारी त्यांनी बाक पुसून स्वच्छ केला. उजव्या बाजूला सरसाचं भांडं गळून ओल झाली होती, म्हणून त्यांनी आरी, चामडं कापायची रापी, सुयांची डबी आणि मेणाचा गोळा डाव्या बाजूला ओळीनं मांडला आणि घरी गेले. आठवड्यानं परत आले, तर सगळं पुन्हा डावीकडेच मांडलेलं. आरीचा दांडासुद्धा डाव्या हाताला चटकन सापडेल असा वळवलेला.

"अरेच्चा, डावखुरा दिसतोय," काका स्वतःशी म्हणाले.

त्यांना त्या माणसाची दया आली. हँडल शिवायचं म्हणजे लाकडी चिमटा गुडघ्यांत धरायचा, त्यात चामडं दाबायचं, आरीनं भोक पाडायचं आणि एका दोऱ्याच्या दोन सुया दोन बाजूंनी ओढायच्या. कात्र्यांपासून दिव्याच्या खटक्यापर्यंत सगळा कारखाना उजव्या हाताचा. त्यात हा बिचारा उलट्या हातानं कसं निभावत असेल? काकांनी मुकाट्यानं सगळं उजवीकडे घेतलं, आठवडाभर काम केलं, आणि शनिवारी निघताना आठवणीनं एकेक वस्तू परत डावीकडे मांडली. आल्या आल्या त्याला सगळं हाताशी मिळू दे.

पुढच्या खेपेला चिमट्यात एक हँडल अर्धवट शिवून ठेवलेलं सापडलं. सुया तशाच लोंबत होत्या. काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. अर्धं काम टाकून जायचं? पण ते पुरं करायला घेतलं आणि काही टाक्यांतच त्यांना उमजलं. सोमवारी सकाळी चामडं ताठ असतं आणि बोटंही. नव्या हँडलचा पहिला टाका नेमका तेव्हा घालायचा म्हणजे जिवावर येतं. इथं मात्र वाट आधीच पडलेली होती. भोकं पाडलेली, दोरा ओवलेला. नुसतं पुढे जायचं. हात आपोआप गरम होत गेले. कुणीतरी आपल्यासाठी हे मुद्दाम राखून ठेवलंय, हे लक्षात आलं तेव्हा काका शिवायचे थांबले आणि उगाचच चष्मा पुसत बसले.

त्या शनिवारी त्यांनीही एक हँडल मधोमध सोडलं.

मग हे चालूच झालं. हलणाऱ्या स्टुलाचा पाय एका सोमवारी पक्का ठोकलेला मिळाला. पुढे स्टुलावर एक पातळ गादी आली. गादीची शिवण उसवली तेव्हा काकांनी ती मेणाच्या दोऱ्यानं अशी शिवली, की गादी फाटली असती पण शिवण सुटली नसती. त्या न पाहिलेल्या माणसाला ते मनातल्या मनात जोडीदार म्हणू लागले. जोडीदार तरुण असावा, अंगानं दणकट, कारण टाके घट्ट असत. कधी टाका सैल दिसला की काकांना वाटे, याचं काहीतरी बिनसलंय. त्या आठवड्यात ते दोरा जरा जास्तच मेणवून ठेवत.

रिकामा आठवडा मात्र अंगावर येई. सकाळी एक अंडं उकडायचं, ते खायचं, भांडं घासायचं, आणि दिवस तसाच समोर उभा. बायकोची खुर्ची खिडकीशी होती तिथंच होती. तीवर ते धुतलेले कपडे ठेवत. म्हणजे ती रिकामी दिसत नसे. शेजारच्या खोलीतला रेडिओ लागला की ते भिंतीच्या जवळ बसून जेवत.

दुपारी रोजगार कार्यालयाची शिकवणी. शिकवणाऱ्या बाई मुलीच्या वयाच्या, उत्साहानं नुसत्या फसफसत असायच्या. एकेकाला उभं करून स्वतःची ओळख करून द्यायला लावत.

"सांगा काका, तुमच्यात खास काय आहे?"

"मी हँडल शिवतो."

"छान! आणखी?"

काकांनी बराच विचार केला. "तुटत नाही," ते म्हणाले.

वर्गात हशा पिकला. बाईही हसल्या, पण त्यात कुचेष्टा नव्हती. मग त्यांनी फळ्याकडे वळून सगळ्यांना समजावलं, "मुलाखतीला गेलात की आढेवेढे घेऊ नका. जे हवंय ते एका वाक्यात मागा. स्पष्ट, मोठ्यानं. आधी मागेल त्याचं लोक ऐकतात." काकांनी हे मनात नीट घडी घालून ठेवलं. आपल्यात नेमकं हेच नाही, हे त्यांना बायकोही सांगत आली होती.

वर्ष सरलं तसं बाजारानं जरा डोळे उघडले. गोदामातल्या बॅगा खाली उतरू लागल्या. आणि सरकारची योजना संपली. फाटकावर सूचना लागली. यापुढे प्रत्येक जागेवर एकच माणूस, पूर्ण आठवडा, पूर्ण पगार. कुणी राहायचं ते जोडीनं आपसात ठरवून सांगावं. ठरलं नाही तर साहेब ठरवतील. त्यासाठी शनिवारी दोघांनीही यायचं होतं.

काकांनी सूचना दोनदा वाचली. जागा गेली तर काय होणार, हे त्यांनी रिकाम्या आठवड्यांत चाखून पाहिलं होतं. आता सगळे आठवडे तसेच. अंडं, भांडं आणि खिडकीतली खुर्ची. या वयात दुसरं कुणी दारात उभं करणार नव्हतं.

रविवारी फोनवर हे कळताच मुलीनं त्यांना फैलावरच घेतलं. "बाबा, तुम्हाला मी ओळखते. तुम्ही जाल, समोरचा चार रडगाणी गाईल, आणि तुम्ही 'असू दे, असू दे' म्हणत परत याल. आईही नाही आता तुमच्या वतीनं बोलायला."

"हं."

"हं नाही! त्यानं तोंड उघडायच्या आत तुम्ही बोलायचं. म्हणून दाखवा बघू."

"ती जागा मला हवी आहे," काका म्हणाले.

"मोठ्यानं."

"ती जागा मला हवी आहे."

"शाब्बास. रोज म्हणा."

आणि काकांनी ते खरंच रोज म्हटलं. अंडं उकडताना म्हटलं, जिना चढताना म्हटलं, दाढी करताना आरशातल्या माणसाला म्हटलं. तो आठवडा त्यांचाच कामाचा होता. आरीनं भोक पाडताना ते वाक्य टाक्याटाक्याला आत जात राहिलं. मधूनच जोडीदाराच्या गादीवर आपण बसलोय हे आठवे आणि वाक्य अडखळे. मग ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

शनिवारी कँटीनमध्ये टेबलाटेबलांवर जोड्या बसल्या होत्या. कुठं आवाज चढलेले, कुठं नुसतीच शांतता. मुकादम एका उंच, चाळिशीच्या बाईंना घेऊन काकांच्या टेबलापाशी आला. काका त्यांच्या मागे बघत राहिले. जोडीदार मागून येत असेल.

"हे हँडलकाका," मुकादम म्हणाला. "आणि काका, या कुलूपखात्यातल्या ताई. अहो, वर्षभर एका स्टुलावर बसलात आणि ओळख मी करून द्यायची? काय दिवस आलेत!"

ताईंचा चेहरा एकदम फुलला. "अगंबाई, तुम्ही होय ते! मला किती दिवसांपासून तुम्हाला—"

"ती जागा मला हवी आहे," काका म्हणाले.

इतकं मोठ्यानं, की शेजारच्या टेबलावरचं भांडण थांबलं. काका स्वतःच दचकले. आठवडाभर आत कोंडलेलं वाक्य. एकदा दार उघडल्यावर ते कुणाचं थोडंच ऐकणार होतं.

ताईंचं उरलेलं हसू ओठांवर क्षणभर तसंच राहिलं. मग त्यांनी टेबलावरच्या चहाच्या डागाकडे बघत मान हलवली.

"बरं," त्या म्हणाल्या.

"बघा, असं पाहिजे!" मुकादम खूश झाला. "तिकडे बघा, दोघं सकाळपासून एकमेकांची अक्कल काढतायत. करा या कागदावर सह्या."

ताईंनी पेन घेतलं आणि सही केली. काका त्यांच्या हाताकडे बघतच राहिले.

"तुम्ही उजव्या हातानं लिहिता?"

"म्हणजे काय? तुम्हीच डावखुरे ना?"

"मी? छे. तुम्ही डावखुऱ्या, म्हणून तर दर शनिवारी मी सगळं डावीकडे..."

"अहो, पण पहिल्या सोमवारी मी आले तर सगळं डावीकडेच मांडलेलं! म्हटलं, म्हातारबुवा डावखुरे दिसतात, त्यांची सोय बघायला हवी. एकदा विसरले, तर घरापर्यंत पोचलेली परत फिरले होते. पहारेकरी म्हणाला, काय सोनं राहिलं का आत?" ताईंना हसू आवरेना. "दर सोमवारी मी आपली सगळं इकडचं तिकडे करत बसायची!"

"मीपण," काका म्हणाले. आणि बायको गेल्यानंतर प्रथमच ते असे हसले, की खोकला आला. मुकादमाला काही कळलं नाही. तो पुढच्या टेबलाकडे गेला. जाताना त्यानं काकांच्या पुढ्यात कागद सरकवला. काकांनी हसता हसता सही केली.

मग हसू ओसरलं आणि मध्ये तो कागद उरला.

"तुम्ही काहीतरी बोलत होता," काका म्हणाले. "मी मध्येच..."

"काही नाही हो. तुम्ही स्पष्ट सांगितलंत ते बरं झालं. मलाही तसं जमायला हवं." त्या उठल्या. पदर सारखा केला, पिशवी घेतली. दोन पावलं जाऊन वळल्या. "गादी ठेवते तुम्हाला. पाठीला बरी असते."

काकांना बरंच काही म्हणायचं होतं. त्याची तयारी केली नव्हती. त्यांनी मान हलवली.

रविवारी मुलीचा फोन आला. "मिळाली ना? बघा! बोललात म्हणून!"

"हं," काका म्हणाले.

सोमवारी कँटीनमध्ये रंगारी दिसला, नेहमीसारखाच टवटवीत. त्याची जागा राहिली असेल असं धरून काका बाकावर सरकले.

"आम्ही दोघंही राहिलो," रंगारी म्हणाला. "गेलो साहेबाकडे आणि म्हटलं, आम्हाला अर्धं-अर्धंच द्या, सरकारचे पैसे नकोत. साहेबाचं काय जातंय? पगार एकच. आधी कुरकुरला, मग म्हणाला, जा, बसा. तुमच्या ताईच तर सांगत होत्या ना शनिवारी सकाळी फाटकावर, आपण सगळ्या जोड्यांनी असं विचारून बघू या म्हणून? कल्पना त्यांचीच. त्यांनी तुम्हाला विचारलं नाही?"

काकांनी चहाचा घोट घेतला. "मी विचारू दिलं नाही," ते म्हणाले.

दुपारी ते मुकादमाकडे गेले, स्वतःहून. मुकादमानं डोक्याला हात लावला. "काका, सही झाली, कागद गेला. आणि बाईंनी शनिवारीच कळवलं, की त्या भावाच्या गावी चालल्या. आता कुणाला अर्धं देता?"

संध्याकाळी फाटकापाशी ते थांबले. सायकल घेऊन नुसतेच उभे राहिलेले पाहून पहारेकरी बाहेर आला.

"काय काका, काही विसरलं?"

"त्या ताई... कुलूपखात्यातल्या."

"गेल्या की सकाळच्या गाडीनं. तिकडे भावाच्या ओळखीनं बुटांच्या कारखान्यात काम लागलंय. बरं झालं म्हणायचं. मोकळी बाई, मागे कुणी नाही." पहारेकऱ्यानं काकांकडे निरखून पाहिलं. "सारखी तुमची चौकशी करायच्या. काका बरे आहेत ना? खोकला आहे का? स्टुलाचा पाय ठोकलाय, म्हणावं, नीट बसा."

"मग मला कधी सांगितलं नाहीत?"

"तुम्ही थांबलात कधी?" पहारेकरी म्हणाला. "वर्षभर तुमच्या टोपीशीच बोलतोय मी."

आता दर आठवडा पूर्ण होता आणि पगारही पूर्ण. बाजार आणखी उघडला, कामाचा रेटा वाढला. लोक पुन्हा प्रवासाला निघाले आणि काकांची हँडलं त्यांच्या हातांतून कुठं कुठं जाऊ लागली. कारखान्यात सगळे म्हणत, काकांनी बाजी मारली बुवा. काकांना ते नाकारता येत नव्हतं. जागा त्यांना हवी होती आणि ती त्यांनी मागून घेतली होती. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांनी मोठ्यानं मागितली. कँटीनवाला बिनसाखरेचा चहा पुढे ठेवी तेव्हा ते अजूनही तोंड उघडत, आणि मिटून घेत.

एका शनिवारी काम आटोपल्यावर त्यांनी बाक पुसला. सवयीनं हात गेला आणि आरी, रापी, सुयांची डबी, मेण, सगळं डावीकडे ओळीनं मांडून झालं, तेव्हा मुकादम मागे उभा आहे हे त्यांना कळलं.

"हे काय काका? आता कुणासाठी?"

"असू दे," काका म्हणाले.

चिमट्यात एक हँडल होतं. थोडेच टाके राहिले होते. बसल्या बैठकीला पुरं झालं असतं. काकांनी ते अर्धवट सोडलं, सुया लोंबत्या ठेवल्या, गादी झटकून स्टुलावर सारखी केली आणि दिवा मालवला.

सोमवारी येऊन पाहिलं, तर सगळं जिथल्या तिथं होतं. आरी डावीकडेच. त्यांनी ती उचलून उजव्या हातात घेतली, चिमटा गुडघ्यांत धरला आणि आपलंच राहिलेलं हँडल पुढे शिवायला घेतलं. भोकं पाडलेली होती, दोरा ओवलेला होता. हात गरम व्हायला मात्र बराच वेळ लागला.